बान्यालबुफार : वीस मिनिटात काय दिसतं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या मायोर्का बेटावर तुम्ही अख्खं पान छापलं. बीच झाले, यॉट झाल्या, रात्रीचे क्लब झाले, टेनिसवाला नदाल तिथला आहे हे पण सांगून झालं (बरोबर आहे, मनाकोरचा तो), आणि एकदम खाली चौकटीत एक ओळ, की बान्यालबुफार नावाचं पायऱ्या पायऱ्यांच्या द्राक्षबागांचं छान गाव आहे, फोटोसाठी वीस मिनिटं पुरे. ते वीस मिनिटं वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो. मी स्वतः द्राक्षवाला, बागलाणातला, आगाप द्राक्ष करणारा माणूस. पोरगी बार्सिलोनाला नोकरीला, तिच्याकडे मी आणि मंडळी मे महिन्यात गेलो होतो, आमचा माल डिसेंबर-जानेवारीत निघून जातो आणि गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, जुलै-ऑगस्टमधे, त्यामुळे मे म्हणजे आमच्यासाठी जरा हात मोकळा असायचा महिना. तिनं विचारलं बाबा काय बघायचंय, मी म्हटलं द्राक्ष दाखव. ती हसली, पण तिनं रात्रीच्या बोटीची तिकिटं काढली, बार्सिलोनाहून रात्री बसायचं आणि सकाळी पाल्माला, म्हणजे मायोर्काच्या मुख्य शहरात, उतरायचं, झोप बरी लागते बोटीत.

आता आधी जागा कुठं ते सांगतो कारण लेखात नीट आलेलं नाही. मायोर्काच्या वायव्य अंगाला समुद्राला लागून डोंगरांची एक रांग आहे, सेरा दे त्रामुंताना. चुनखडीचे डोंगर, सगळ्यात उंच शिखर चौदाशे मीटरच्या वर. या रांगेच्या कडेनं आंद्राच ते पोयेन्सा असा एक वळणावळणाचा रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर, पाल्मापासून पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव. लोकवस्ती पाचशे-सहाशेच्या आसपास, म्हणजे आमच्याकडची मोठी वस्ती म्हणा. गाव समुद्रावर नाही, समुद्राच्या वर आहे, डोंगराच्या पोटाला चिकटलेलं, आणि गावाच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी बांधांच्या पायऱ्या, अगदी खाली कड्यापर्यंत. काही पायऱ्या इतक्या अरुंद की द्राक्षाच्या दोन ओळी बसल्या की संपलं.

पाल्माहून बस मिळते, एस्पोर्लेसवरून जाते. पोरगी गाडी भाड्यानं घेऊया म्हणत होती, मी म्हटलं नको, आणि बरं झालं, कारण त्या रस्त्यावर समोरून बस आली की गाडीवाल्यांची काय दैना होते ती वरून खिडकीतून बघायला मजा येते. शिवाय गावात गाडी लावायला जागाच नाही, लोक कुठंही लावतात आणि गावकरी चिडतात, आणि चिडणारच.

लेखात लिहिलंय 'निसर्गाचा चमत्कार'. साहेब, निसर्गाचा त्यात दगड तेवढा आहे. डोंगर उभा, माती नावाला, पाऊस आला की होती ती पण समुद्रात. त्या ठिकाणी माणसानं दगड वेचून बांध रचले, बांधामागे माती भरली, वरच्या झऱ्याचं पाणी पाटानं फिरवलं, हौदात साठवलं, आणि मग तिथं वेल लावली. हे काम आजचं नाही. बेटावर 902 ते 1229 अरबांची, म्हणजे मुसलमानी राजवट होती, त्या काळातल्या लोकांनी पाण्याची ही पद्धत बसवली. डोंगराच्या पोटात आडवं भुयार खणायचं, पाण्याची नस लागली की अगदी हलक्या उतारानं ते पाणी उपसा न करता बाहेर आणायचं आणि पुढं उघड्या पाटात सोडायचं. 1229 मधे स्पेनच्या मुख्य भूमीवरच्या अरागॉन राज्याच्या राजानं, पहिल्या जाउमेनं, बेट जिंकलं, मालक बदलले, धर्म बदलला, जमिनी सरदारांना वाटल्या गेल्या, पण पाट तसेच राहिले कारण पाट मोडून कुणाचं भलं होणार होतं.

हे भुयाराचं तंत्र वाचून आपल्याकडच्या कुणाला नवल वाटायचं कारण नाही. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आठवा, सतराव्या शतकात मलिक अंबरानं शहराला पाणी आणलं ते याच जातीच्या तंत्रानं. पाणचक्की बघायला शाळेच्या सहली जातात, तिथं पाणी पडताना बघतात आणि परत येतात, ते पाणी कुठून कसं येतं हे कुणी सांगत नाही. असो, विषय तो नाही.

गावात फिरताना मला पहिली गोष्ट दिसली ती हौद. घरांच्या मधे, बागांच्या कोपऱ्यात, पायरीच्या टोकाला, जिथं बघाल तिथं उघडे हौद, काही चौकोनी काही वेडेवाकडे, हिरवट पाणी, कडेला शेवाळ. आम्ही शेततळ्यात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरतो आणि सात-आठ वर्षात तो फाटतो, यांचे दगडी हौद पिढ्यानपिढ्या चाललेत. वरच्या हौदातून पाट निघतो, पाटाला जागोजागी दगडाची तोंडं, ज्याची पाळी त्यानं आपलं तोंड उघडायचं बाकीच्यांची बंद. पाळी तासांवर ठरलेली. मी पोरीला म्हटलं अगं ही तर आपली फड पद्धत, मोसम आणि आरम नद्यांवर आपले आजे-पणजे हेच करत होते, बंधारा, पाट, पाटकरी, आणि पाण्यावरून भांडण झालं तर पंच. ती म्हणाली तुम्ही युरोपात येऊन पण बागलाणच बघता. बघणारच की.

आता द्राक्षाचं. तिथली जात मालवसिया, पांढरी. मध्ययुगात या गावाची मालवसियाची वाइन नावाजलेली होती, अरागॉनच्या दरबारापर्यंत जायची म्हणतात. मग 1891 मधे मायोर्कात फायलोक्झेरा आला. आपल्याकडच्या वाचकांना ही भानगड फारशी माहीत नसते म्हणून सांगतो, मुळांना लागणारी मावा जातीची बारीक कीड आहे ही, अमेरिकेतून आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिनं फ्रान्सपासून पार भूमध्य समुद्राच्या बेटांपर्यंत बागा झोपवल्या. फवारून जाणारी नव्हे, मूळच खाते. उपाय एकच निघाला, अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर आपल्या जातीचं कलम करायचं. आम्ही नाशिकवाले डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतो ते खारट पाण्यासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी, पण खुंटावर कलम करायची चाल जगात पडली ती या किडीमुळे.

तर बागा मेल्या. बेटावरची कितीतरी माणसं पोटासाठी बाहेर पडली, फ्रान्सला, क्यूबाला, अर्जेंटिनाला. आणि जे मागं राहिले त्यांनी याच पायऱ्यांवर टोमॅटो लावला. हे मला फार आवडलं, रडत बसले नाहीत, पाणी होतं बांध होते, वेल गेली तर टोमॅटो. तिथं एक बारका जाड सालीचा टोमॅटो असतो, रामेयेत म्हणतात, तो काढून दोऱ्यात ओवतात आणि माजघरात, ओसरीत छताला टांगून ठेवतात, फ्रीज नाही काही नाही, महिनोन्‌महिने टिकतो. आम्ही मे महिन्यात गेलो तर एका घराच्या पडवीत मागच्या हंगामाच्या माळा अजून लटकत होत्या, थोड्या सुरकुतलेल्या, पण सडका एकही नाही. तो टोमॅटो पावाच्या कापावर घासायचा, वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ, झाला नाश्ता. आमच्या मंडळींना बाकी तिथलं काही जेवण रुचलं नाही, सगळ्यात डुकराचं काहीतरी असायचं आणि त्या माळकरी, पण हा पाव-टोमॅटो त्यांनी दोन वेळेला खाल्ला आणि वर सोयेरच्या संत्र्याचा रस. घरी आल्यावर भाकरीवर टोमॅटो घासून बघितला, नाही जमला, आपला टोमॅटो फार पाणीदार.

मालवसिया परत आली ती अलीकडे, 1990 च्या दशकात. गावातल्या काही लोकांनी जुनी जात पुन्हा लावायला घेतली, पुढे सहकारी संस्था पण झाली, दोन-तीन छोट्या वाइनऱ्या आहेत. छोट्या म्हणजे खरंच छोट्या, आमच्या इथल्या बेदाण्याच्या शेडमधे मावतील. बाटलीवर गावाचं नाव असतं. मी चव घेतली (मंडळींनी दुसरीकडे बघितलं), पूर्वी गोड करायचे म्हणे आता बहुतेक कोरडी करतात, फुलासारखा आणि जर्दाळूसारखा वास, मला दोन घोट बरे वाटले, जास्त सांगायचा मला अधिकार नाही.

बागेत मात्र मला कुणी अडवलं नाही. एका बागेच्या कडेला उभा राहून बघत होतो तर मालक स्वतःच खाली आला, साठीचा असेल, त्याला इंग्रजी येत नाही मला स्पॅनिश येत नाही, पोरगी मधे. मी त्याला मोबाइलवर आमच्या बागेचा फोटो दाखवला, वाय मांडव, खाली ठिबक, घड लोंबतायत. तो फोटो मोठा करून करून बघत राहिला आणि एकरी किती निघतं विचारलं. आकडा सांगितल्यावर त्याला पोरीचं भाषांतर चुकलं असं वाटलं. त्याचं उत्पादन आमच्या तुलनेत काहीच नाही. ओळी बुटक्या, तारेवर, पानाला गंधकाची पिवळट भुकटी, भुरी रोगावर सगळीकडे औषध तेच. फुलोरा चालू होता. ट्रॅक्टर जायला वाट नाही, ब्लोअर नाही, पाठीवरचा पंप. तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात, क्रेट उचलून माणसानं चढायचं. आमच्यासारख्या दोन छाटण्या नाहीत, थंडीत वेल झोपते तेव्हा एकदाच. मी विचारलं मजुरी परवडते का, तर तो हसला आणि त्यानं हातानं वरचा बांध दाखवला. म्हणजे मजुरीचं सोड, खरा खर्च तो आहे.

तिथं बांधाचा एक तुकडा ढासळला होता, तीन-चार हात रुंदीचा, आणि दोन माणसं तो परत रचत होती. एक म्हातारा एक पोरगा. या कारागिरांना तिकडे मार्जे म्हणतात. मी तिथं बराच वेळ बसलो, मंडळी कंटाळून सावलीला गेल्या. चुना नाही सिमेंट नाही. पडलेले दगड आधी आकारानं वेगळे लावून ठेवलेले, खाली कातळ लागेपर्यंत माती उकरलेली, पायाला सगळ्यात मोठे धोंडे. प्रत्येक दगड हातात घेऊन फिरवायचा, हातोडीनं एखादा कोपरा उडवायचा, बसवायचा, हलतो का बघायचा, हलला तर काढायचा. दगडाचं लांब अंग भिंतीच्या पोटात, तोंड तेवढं बाहेर. आणि मुख्य म्हणजे मागं, मातीच्या आणि भिंतीच्या मधे, मुठीएवढ्या दगडांची भर हातानं लावत जायची, टोपलीनं ओतायची नाही. पोरगा ओतायला गेला तर म्हाताऱ्यानं नुसती जीभ टाळूला लावून चक् केलं आणि पोरगं परत हातानं लावायला लागलं. ती भर म्हणजेच निचरा. पाणी भरीतून खाली उतरतं, भिंतीच्या फटीतून पाझरतं, मागं दाब तयार होत नाही. भिंत सरळ उभी नसते, डोंगराकडे रेललेली असते. सिमेंटची भिंत बांधली तर पाणी मागं तुंबतं आणि एके दिवशी सगळं एकदम येतं. हे आमच्याकडे रस्त्याच्या ठेकेदारांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

आणि तिथला पाऊस काही बारीक नसतो. भूमध्य समुद्रावर उन्हाळाभर पाणी तापतं आणि शरदात वरून थंड हवा आली की काही तासात ओतून जातो. 9 ऑक्टोबर 2018 ला बेटाच्या पूर्वेकडे सांत योरेन्सला असाच पाऊस झाला, ओढ्याला पूर आला आणि 13 माणसं गेली. डोंगरावर शाबूत बांध असेल तर प्रत्येक पायरीवर पाणी थोडं थांबतं, मुरतं, मग खाली जातं.

बांध सोडून दिले तर दुसरं पण होतं. पायरीवर आधी गवत, मग झुडपं, मग पाइनची झाडं, आणि मग उन्हाळ्यात एक ठिणगी. जुलै 2013 मधे आंद्राचकडून पेटलेला वणवा दोन हजारावर हेक्टर जाळत एस्तेल्यंक्सपर्यंत आला, ते बान्यालबुफारच्या शेजारचंच गाव, लोकांना गाव रिकामं करून जावं लागलं. कसलेल्या पायरीवर जळायला काही नसतं. सरकारी अग्निशमन दल हे द्राक्षवाल्याच्या बांधाला पैसे देत नाही पण काम तो त्यांचंच करतोय.

म्हणून मला म्हणायचंय ते एवढंच आहे साहेब, की लोक जो फोटो काढायला जातात ना, तो फोटो म्हणजे कुणाची तरी दर वर्षीची दुरुस्ती आहे, आणि लेख लिहायचा तर त्या दुरुस्तीचा लिहा, पैसा कोण देतो, माणूस कुठून येतो, पोरं शिकतात का. त्याची उत्तरं आहेत आणि ती नुसत्या निसर्गवर्णनापेक्षा जास्त मजेदार आहेत. उदाहरणार्थ हा मार्जेचा धंदा विसाव्या शतकात जवळजवळ बुडाला होता, हॉटेलं आली, वेटर होऊन जास्त पैसे मिळायला लागले, दगड कोण उचलणार. मग 1980 च्या दशकात तिथल्या बेटाच्या कौन्सिलनं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था समजा, म्हाताऱ्या कारागिरांना हाताशी धरून पोरांसाठी शाळा काढली, पगार देऊन शिकवलं. त्याच पोरांनी पुढं जुन्या पायवाटा दुरुस्त केल्या, आज डोंगरभर 'कोरड्या दगडाची वाट' म्हणून पायी चालायचा लांब मार्ग आहे, मुक्कामाला धर्मशाळेसारखी निवासं आहेत. 2011 मधे युनेस्कोनं त्रामुंतानाला जागतिक वारसा केलं, ते पण निसर्ग म्हणून नव्हे, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे माणसानं घडवलेलं. 2018 मधे बिनचुन्याच्या दगडी रचनेची कला पण युनेस्कोच्या यादीत गेली, स्पेनसह आठ देशांची मिळून. हे सगळं त्या तुमच्या चौकटीत दोन ओळीत बसलं असतं.

आता दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर म्हणाल शेतकरी युरोपच्या प्रेमात पडला. 2023 मधे बालिआरिक बेटांवर, म्हणजे मायोर्का ज्या बेटांच्या समूहात येतं तिथं, 1.78 कोटी पर्यटक आले. तिथली लोकसंख्या साधारण बारा लाख. मे 2024 मधे पाल्मात हजारो लोक रस्त्यावर उतरले, 'मायोर्का विकायला नाही' म्हणून. कारण घरं. बाहेरचा माणूस येऊन सुट्टीसाठी घर घेतो, वर्षातून महिनाभर राहतो, भाव वाढतो, आणि गावातल्या पोराला गावात घर मिळत नाही. तो बांध रचणारा पोरगा, मी पोरीकरवी विचारलं, गावात राहत नाही, खालच्या मोठ्या गावातून रोज येतो. म्हणजे ज्या टुरिस्टच्या पैशावर बाटली विकली जाते आणि बांधाचा खर्च निघतो, त्याच टुरिस्टमुळे बांध रचणारा गावाबाहेर जातोय. यावर माझ्याकडे उपाय नाही. त्यांनी काही केलंय, 2016 पासून मुक्कामावर रात्रीमागे पर्यटक कर आहे, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे हंगामात एक ते चार युरो, आणि तो पैसा पर्यावरण, पाणी, वारसा यावर घालायचा असा नियम आहे. पाल्मा बंदरात 2022 पासून दिवसाला तीनच क्रूझ जहाजं. पुरतं का, मला नाही वाटत, पण निदान कराचा पैसा कशाला ते ठरलेलं आहे.

आमच्याकडे उलटं बघा. 2001 ला महाराष्ट्र सरकारनं वाइन धोरण आणलं, नाशिकला लोकांनी धडाधड वाइनच्या जाती लावल्या, करार झाले, आणि 2008 च्या मंदीनंतर कंपन्यांनी माल उचलायचा बंद केला तेव्हा आमच्या कितीतरी भाऊबंदांनी उभ्या बागा तोडल्या. माझ्या चुलतभावानं तोडली, नाव घेत नाही कंपनीचं. आज वाइनरीत मुंबई-पुण्याचे लोक येतात, द्राक्ष तुडवायचे फोटो काढतात, चांगलं आहे, पण बाटलीवर गाव नसतं आणि शेतकरी तर अजिबातच नसतो. मला तिथल्या त्या साठीच्या बागमालकाचा हेवा वाटला तो तेवढ्यापुरता. उत्पादनाचा नाही वाटला, एकरी आकडा ऐकून त्यानंच माझा हेवा केला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं सांगून टाकतो, कारण चौकटीत नुसतंच 'मस्ट व्हिजिट' होतं. एक तर जुलै-ऑगस्टमधे जाऊ नका, गर्दी आणि ऊन दोन्ही मरणाचं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर चांगला, ऑक्टोबरला पावसाचा अंदाज बघून. एस्पोर्लेसहून बान्यालबुफारला डोंगरातून जुनी टपालवाल्याची पायवाट आहे, पूर्वी पोस्टमन त्या वाटेनं यायचा, दोन-तीन तासात आरामात होते, मला साठीत झाली म्हणजे कुणालाही होईल, बूट मात्र नीट घाला. बांधावर चढून फोटो काढू नका. वरचा एक दगड हलला की पुढच्या पावसात खालचे दहा सुटतात, आणि मी एका जोडप्याला बांधावर उभं राहून लग्नाचे फोटो काढताना बघितलंय, आपलेच होते, हिंदी बोलत होते. हौदात पाय घालून बसू नका, ते शेतीचं पाणी आहे. गावाखाली छोटा दगडगोट्यांचा किनारा आहे, उतरायची वाट उभी, कड्यावरून दगड पडतात म्हणून पाटी लावलेली असते, ती शोभेची नाही.

एस्तेल्यंक्सच्या रस्त्यावर गावापासून थोडं पुढं कड्याच्या टोकाला 1579 चा टेहळणी बुरूज आहे. तिथं मात्र वीस मिनिटं पुरतात खरं. उत्तर आफ्रिकेचे चाचे समुद्रावरून येऊन माणसं पकडून न्यायचे, म्हणून बेटाच्या चारी बाजूंनी असे बुरूज उभे केले, रात्री जाळ, दिवसा धूर, एकाचा दुसऱ्याला दिसला पाहिजे अशा बेतानं, आणि ही साखळी जुआन बिनिमेलिस नावाच्या एका पाद्री-गणिती माणसानं मांडून दिली. तिथून मागं वळून बघितलं की पायऱ्या पूर्ण दिसतात आणि कसलेली कुठली, सोडून दिलेली कुठली हे रंगावरून लगेच कळतं. सोडलेल्या बऱ्याच आहेत. आपल्या पुरवणीतल्या फोटोत पण डाव्या बाजूला दिसतायत, हिरवंगार म्हणून कौतुक केलंय ते पाइनचं रान आहे, त्याखाली बांध आहेत.

रात्रीचा मुक्काम गावात करा जमल्यास, महाग पडतो पण दिवसाचे लोक गेल्यावर गाव गावासारखं वागायला लागतं, बायका दारात खुर्च्या टाकून बसतात, बोलायला भाषा लागत नाही. आमच्या मंडळींनी एका आजीबाईंकडून त्या टोमॅटोचं बी आणलं नाही हे मुद्दाम लिहितो, विमानतळावर अडवतात आणि अडवायलाच पाहिजे, फायलोक्झेरा असाच कुणाच्या तरी हौसेच्या रोपातून आला होता.

पत्र लांबलंय, कात्री लावायची तिथं लावा, फक्त बांधाचं आणि पाण्याचं कापू नका, बुरूज कापला तरी चालेल. आणि एक विनंती. तुमच्या त्या लेखकाला, मायोर्काला पाठवायला पैसे होते तर बागलाणला यायला एसटीचं तिकीट काही फार नाही. मोसमच्या कडेनं फडाचे जुने बंधारे आणि पाट जे काही अजून चालू आहेत ते मी स्वतः दाखवीन, पाटकऱ्याशी गाठ घालून देईन. जेवायची सोय घरी. पाण्याची पाळी बघून या म्हणजे झालं, कोरड्या पाटाचे फोटो काढून 'दुर्लक्षित वारसा' असं शीर्षक देऊ नका.

आपला एक वाचक,
द्राक्ष बागायतदार, ता. बागलाण, जि. नाशिक